आतली कडी

भिंतीपलीकडे काहीतरी खट् करून वाजलं आणि औषधबाईची मोजणी अडली.

तिची मोजणी अडणं ही साधी गोष्ट नव्हती. सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत ती एकोणीस वर्षं बसत होती. सुट्या गोळ्या मोजताना ती आकडे म्हणत नसे. आईकडून आलेल्या एका चालीवर दोन ओळी गुणगुणत असे, पहिल्या ओळीला दहा, दुसरीला दहा.

दहा गं पहिली ओंजळ, दहा गं दुसरी ओंजळ,
दुखणं जाऊ दे वाटेनं, राहू दे अंगात बळ.

ओळी संपल्या की वीस गोळ्या पाकिटात. खिडकीबाहेर भांडणं होवोत, मुलं रडोत, मोठे डॉक्टर हाका मारोत, ही चाल कधी तुटली नव्हती. (दवाखान्यात डॉक्टर एकच होते, तरी सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. लहान कुठे आहेत, असं कुणी विचारलं नव्हतं.) आणि आज ‘वाटेनं’पाशी खट् झालं. मग परत खट्. मग तोटी करकरल्यासारखा आवाज, आणि कुणाचं तरी हसू.

भिंतीपलीकडे इतकी वर्षं अडगळीची खोली होती. मोडका पलंग, तीन पायांचा वजनकाटा, आणि जुन्या फलकांचा एक गठ्ठा. मागच्या पंधरवड्यात ते सगळं उचललं गेलं, चुना फासला गेला, आणि दारावर पाटी आली: ‘पुनर्वसन सेवा. मंगळवार व शुक्रवार.’ एक तरुण थेरपिस्ट बाई रुजू झाली. पाठीवर पिशवी, पायांत कापडी बूट, आणि चालणं असं की व्हरांड्यात कुणी झोपलं असेल तर जागं होईल. तीनचार महिने बघू, असं वरून आलं होतं. लोक आले तर खोली राहील, नाही आले तर पलंग परत आत.

लोक येत होते हे औषधबाईला आवाजांवरून कळत होतं. पण तिच्या खिडकीशी त्यांच्यातलं जवळजवळ कुणीच येत नव्हतं, आणि याचंच तिला नवल वाटत होतं. दवाखान्यात आलेला माणूस गोळी न घेता जातो कसा?

त्या दिवशी एक आजी खोलीतून निघाल्या आणि सवयीनं रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

“आजी, चिठ्ठी?”

“कसली चिठ्ठी? गोळीच नाही दिली तिनं. मला म्हणते, ही कडी लावून दाखवा. मी म्हटलं, बाई गं, मी काय चोर आहे का, लोकांच्या कड्या काढायला?”

“मग?”

“मग काय, लावली. तीनदा लावली. मनगट कसं भरून आलंय बघ. शुक्रवारी तोटी फिरवायला बोलावलंय.”

“आजी,” मागून एक रिक्षावाला म्हणाला, “आमच्या घरची तोटी गळते, ती पण घेऊन जा बरोबर.”

रांग हसली. “ही कसली डॉक्टरीण, ही तर खटखटबाई,” असं कुणीतरी म्हणालं, आणि थेरपिस्टला त्या दिवसापासून तेच नाव पडलं. औषधबाईही हसली. पण आजी गेल्यावर कितीतरी वेळ तिच्या डोक्यात एकच प्रश्न घुटमळत राहिला. दाराची कडी, ती दवाखान्यात कशाला?

तिला हे कुतूहल नुसतं गंमत म्हणून नव्हतं. तिच्या घरी एक हात मिटून बसला होता.

तो हात दादाचा, तिच्या थोरल्या भावाचा. दादा केस कापायचा. कोपऱ्यावरच्या दोन खुर्च्यांच्या सलूनमध्ये त्यानं बापांचे केस कापले, मग त्यांच्या मुलांचे, आणि हात चालायचा त्याहून त्याचं तोंड जास्त चालायचं. नऊ महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीत त्याच्या हातातून वस्तरा गळाला. अर्धांगवायू. जीव वाचला, बोलणं आलं, पाय काठीवर का होईना चालू लागला. उजवा हात मात्र छातीशी दुमडून राहिला. मोठ्या रुग्णालयात व्यायामाला बोलावलं होतं, दोन बस बदलून. चार वेळा गेला. पाचव्या वेळी बसच्या पायरीवर अडला, तेव्हा मागच्या माणसानं त्याला काखेत हात घालून पोत्यासारखा वर चढवला. त्या दिवसापासून दादानं बसचं नाव काढलं नाही.

वहिनी कधीच गेलेली, मूल नव्हतं. औषधबाईनं आपली खोली सोडली आणि दादाकडे राहायला आली. सेवा म्हणजे तिच्या हाडात भिनलेली. गोळी पाकिटातून काढून ती त्याच्या जिभेवर ठेवायची, घास भरवायची, गुंड्या लावायची. रुग्णालयातून घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढून टाकली. आत पडला आणि दार लागलेलं असलं तर? तेव्हापासून दादा आत गेला की दार बोटभर उघडं राहायचं, आणि बाहेर स्टुलावर टॉवेल घेऊन ती बसायची.

“झालं का रे दादा?”

“होतंय.”

“साबण सापडला?”

“सापडला.”

“पाणी फार गरम नाही ना?”

यावर आतून नुसता पाण्याचा आवाज यायचा.

‘दादाला मी इकडची काडी तिकडे करू देत नाही,’ असं ती शेजारणीला अभिमानानं सांगायची. दर रविवारी ती दादाची कात्री पेटीतून काढून तिला तेल द्यायची. हात उघडेल, कात्री धरेल, दुकानाचं शटर वर जाईल. हे चित्र तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्यात गिऱ्हाइकं कुठे बसणार तेही ठरलेलं होतं.

शुक्रवारी दुपारी खिडकी बंद झाल्यावर ती डबा न उघडता पलीकडच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“या ना ताई,” खटखटबाई म्हणाली. ती जमिनीवर बसून एका फळीला स्क्रू पिळत होती.

फळी चांगली पुरुषभर लांब होती. तिच्यावर काय नव्हतं? आडवी कडी, उभी कडी, कुलूप, दोन तऱ्हेच्या तोट्या, दिव्याचं बटण, पँटची चेन, शर्टाची पट्टी गुंड्यांसकट, बरणीचं झाकण. कुणीतरी एक अख्खं घर मोडून या एका फळीवर ठोकून ठेवलंय, असं औषधबाईला वाटलं.

“ही कडी कुठल्या दाराची?”

“भंगारवाल्याकडची. दार काही मिळालं नाही बरोबर.”

“आणि यानं हात सुधारतो?”

“तुम्हीच लावून बघा. डाव्या हातानं, डोळे मिटून.”

औषधबाईनं डोळे मिटले. ज्या बोटांना पाचशे गोळ्यांतली एक फुटकी गोळी न बघता कळायची, त्या बोटांना कडीची मूठ सापडेना. सापडली तर ती वळवून सरकवायची की सरकवून वळवायची तेच कळेना. घामच फुटला. शेवटी खट् झालं तेव्हा ती लहान पोरीसारखी खुदकन हसली.

“बघा, एका कडीला किती कामं असतात,” खटखटबाई म्हणाली. “धरायचं, उचलायचं, ओढायचं, मग सोडायचं. सोडणं सगळ्यांत अवघड. हात धरून ठेवायला लवकर शिकतो.”

टेबलावर एक जाड वही होती. औषधबाईच्या वहीत तिसरा रकाना ‘काय होतंय?’ असा होता. दुखतंय, ताप आहे, खोकला. या वहीत त्या जागी लिहिलं होतं, ‘काय करायचंय?’

“हे काय नवीन?”

“मी पहिल्यांदा एवढंच विचारते. उत्तर आलं की तेवढ्यावर काम सुरू.”

औषधबाईनं वहीकडे मान लांबवली, पण खटखटबाईनं ती अगदी सहज मिटली. “आणा की कुणी असेल तर,” ती म्हणाली. कुणीतरी आहे, हे तिनं कसं ओळखलं कोण जाणे.

घरी विषय काढल्यावर दादा भडकला.

“मी नाही येणार तुझ्या त्या कडीकोयंड्याच्या दवाखान्यात. मोठ्या रुग्णालयात मशिनं होती, तिथे काही झालं नाही. आता भंगारातल्या कड्यांनी होणार?”

“तिथे तू चार वेळा गेलास.”

“पाच वेळा.”

“पाचव्यांदा बसपर्यंत गेलास.”

“छोटे, तोंड आवर.”

तिनं तोंड आवरलं. पण रक्तदाब दाखवायला महिन्यातून एकदा त्याला दवाखान्यात यावंच लागे, आणि दवाखाना घरापासून काठीच्या चालीनंही पंधरा मिनिटांवर. यावेळी तिनं मुद्दाम मंगळवार निवडला. मोठ्या डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि त्याच केसपेपरवर खाली एक ओळ लिहिली.

“शेजारच्या खोलीत जाऊन या.”

“आज नको, साहेब. परत कधीतरी.”

“परत कशाला? बारा पावलं आहेत. बस नाही, पायरी नाही, नवी चिठ्ठी नाही. बसा पाच मिनिटं आणि आवडलं नाही तर मला येऊन शिव्या द्या.”

शिव्या द्यायची परवानगी मिळाल्यावर दादा उठला.

औषधबाई मागोमाग गेली. तिच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली कात्री होती. दादाला खुर्ची दिली गेली, हात टेबलावर ठेवला गेला, आणि खटखटबाईनं वही उघडली.

“काका, काय करायचंय?”

“कात्री धरायची,” औषधबाई म्हणाली. “आणलीय मी. गेल्या रविवारीच तेल दिलंय. एकदा कात्री धरता आली की दुकान उघडायचं, दोन खुर्च्या आहेत, गिऱ्हाइकं अजून विचारतात...”

दादानं खिडकीबाहेर बघितलं. खटखटबाईनं पेनचं टोपण घातलं.

“ताई, खिडकीत रांग लागली असेल.”

“शिपाई मामा बघतील.”

“मामा गोळ्या देत नाहीत, ताई. त्यांना झाडू आणि घंटा दिलीय.”

नाइलाजानं औषधबाई आपल्या जागी आली. त्या दिवशी तिनं चाल न म्हणता आकडे मोजले, कान भिंतीला. बराच वेळ नुसती कुजबुज. आणि मग तोच आवाज सुरू झाला. पहिल्यांदा धातूवर बोट घसरल्याचा, मग काहीतरी अर्धवट, कुठेतरी अडकल्यासारखा. खट् काही त्या दिवशी झालं नाही.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “काय सांगितलंस रे?”

“कुठे काय.”

“कात्री दाखवलीस?”

“परत घे ती पिशवीत. गंजेल.”

पण शुक्रवारी तो आपणहून निघाला, आणि पुढच्या मंगळवारीही. सोबत नको म्हणाला. औषधबाई खिडकीतून त्याची काठी व्हरांड्यात येताना बघायची आणि मग भिंतीपलीकडून ऐकायची. तिसऱ्या आठवड्यात कडी अर्ध्यावर यायला लागली. पाचव्यात एकदा नीट खट् झालं, आणि पलीकडे दादा मोठ्यानं काहीतरी बोलला. जुना, दुकानातला दादा. रांगेतल्या माणसाला पाकीट देता देता तिचे डोळे भरून आले. “ताई, गोळ्यांवर पाणी पडेल,” तो माणूस म्हणाला.

तरी कात्रीचं नाव नाही. महिना सरला, दुसरा सरला, तिसराही सरत आला. नुसती कडी.

तिनं खटखटबाईला व्हरांड्यात गाठलं. “अहो, कात्रीवर कधी येणार?”

“काकांनी सांगितलं की लगेच.”

“त्यांना कळत नाही. त्यांना विचाराल तर ते काहीच मागणार नाहीत.”

खटखटबाईनं पिशवी खाली ठेवली. “ताई, घरी त्यांना काय काय करू देता?”

“मी? मी त्यांना इकडची काडी...” एवढं बोलून ती थांबली, कारण समोरच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. रागही नव्हता. नवल होतं फक्त, तिला स्वतःला इतके दिवस त्या भिंतीपलीकडल्या आवाजांबद्दल वाटत होतं तसलंच.

“उद्यापासून गोळी त्यांना स्वतः काढू द्या,” खटखटबाई म्हणाली. “सांडली तर सांडली.”

दुसऱ्या दिवशी तिनं पाकीट दादाच्या हातात दिलं आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. दादानं पाकीट टेबलाच्या कडेला टेकवलं, उजव्या अंगठ्यानं दाबलं, निसटलं, परत दाबलं. चौथ्यांदा गोळी उडून पलंगाखाली गेली.

“गेली!” दादा आनंदानं ओरडला.

“अरे, पण पोटात जायला हवी होती!”

दोघंही किती दिवसांनी हसली.

आणि मग मंगळवारी पत्र आलं. मोठ्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं.

“ताई, वरून आलंय. पुनर्वसनाच्या खोलीत तीन महिन्यांत आठ माणसं. आठ माणसांसाठी खोली आणि माणूस ठेवता येत नाही, महिनाअखेर बंद करा म्हणतात. ही आठाची संख्या आपणच कळवलीय. तुमच्याच अक्षरात आहे.”

अक्षर तिचंच होतं. दवाखान्याची रीत जुनी होती. खिडकीत लाकडी ठोकळ्यावर एक टोकदार तार उभी होती. औषध दिलं की चिठ्ठी तिच्यावर खोचायची, संध्याकाळी चिठ्ठ्या मोजायच्या, आणि ती दिवसाची संख्या. एकोणीस वर्षांत त्यात काही चुकलं नव्हतं, कारण आलेला प्रत्येक माणूस शेवटी त्या तारेपाशी यायचाच. पुनर्वसनवाल्यांपैकी आठ जणांना मलम लागलं होतं. ते आठ तारेवर होते. बाकीचे कड्या लावून, तोट्या फिरवून, केसपेपर खिशात घालून घरी गेले होते. दवाखान्याच्या हिशेबी ते कधी आलेच नव्हते.

आजी आल्या नव्हत्या. तिचा दादाही आला नव्हता.

“साहेब, चूक माझ्या तारेची आहे,” ती म्हणाली. “मला त्यांची वही द्यायला सांगा. उद्यापर्यंत संख्या देते.”

खटखटबाईनं वही दिली, पण देताना जरा घुटमळली. “माणसं मोजा, ताई. तिसरा रकाना नाही वाचला तरी चालेल.”

औषधबाईनं खरंच ठरवलं होतं, नाही वाचायचा. पहिल्या पानावर ती फक्त ओळी मोजत गेली. पण डोळे ते डोळे. ‘नातीची वेणी घालायची.’ बाजूला आजींचं वय. ‘उंबरठा काठीशिवाय ओलांडायचा.’ ‘चहा न सांडता कप धरायचा.’ एका शिक्षकानं सांगितलं होतं, ‘फळ्यावर वरच्या ओळीत लिहायचं.’ पडून पाठ धरलेल्या एका गवंड्यानं, ‘लेकीला उचलून घ्यायचं. ती मोठी व्हायच्या आत.’ एका ओळीत नुसतं, ‘शिंकायचं, न घाबरता.’ यातलं एकही दुखणं तिच्या वहीत कधी बसलं नव्हतं, आणि यातल्या एकालाही पाकिटात घालायला तिच्याकडे गोळी नव्हती. वाचता वाचता तिच्या ओठांवर आपोआप ती जुनी चाल आली, शब्द मात्र वहीतले.

उंबरा ओलांडीन मी, कप माझा मी धरीन,
नातीच्या गं केसांमध्ये वेणी माझी मी घालीन.

पान उलटलं आणि चाल तिथेच थांबली.

‘केस कापणारे काका. वय ६१. उजवा हात. काय करायचंय: न्हाणीघराला आतून कडी लावायची.’

कात्री नाही. दुकान नाही.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग तिला तो स्टूल दिसला, मांडीवरचा टॉवेल दिसला, बोटभर उघडं दार दिसलं. झालं का रे दादा. साबण सापडला. आणि आतला, साठी उलटलेला, अख्ख्या गल्लीची डोकी ज्याच्या हातांखाली वाकली होती तो माणूस, रोज सकाळी बहिणीला ऐकू जाईल अशा अंतरावर उघडा बसलेला. तिला लाज वाटली. ती इतकी खोल होती की प्रथम ती रागासारखीच वाटली; मला का नाही सांगितलंस? पण सांगणार कसं, हे तिचं तिलाच कळत होतं.

ती पलीकडे गेली. खटखटबाई पिशवी भरत होती.

“घरी दाराला कडीच नाहीये,” औषधबाई म्हणाली. “मीच काढली.”

“माहितीय. मी विचारलं होतं, कडी कशी आहे, उभी की आडवी. म्हणाले, आडवी होती. मी म्हटलं, ताईंना सांगू का परत बसवायला? तर म्हणाले, नको. तिनं भीतीपोटी काढलीय, तिला वाईट वाटेल. आधी हात येऊ दे, मग बघू.”

औषधबाई फळीशी वाकली. तिनं फळीवरची आडवी कडी एकदा पुढे सरकवली आणि मागे घेतली.

“पण पडला तर?” शेवटी तिनं विचारलं.

“भीती खोटी नाही तुमची. आत भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या, स्टूल बाहेरचा आत घ्या, त्यांनी बसून आंघोळ करायची. आणि कडी कमरेइतक्या उंचीवर, बाहेरून पट्टी घालून सरकवता येईल अशी फट ठेवून. पट्टी तुमच्याकडे. ती लागू नये म्हणजे झालं.”

दुसऱ्या दिवशी तिनं संख्या दिली. त्रेसष्ट माणसं, दोनशेअकरा भेटी. मोठ्या डॉक्टरांनी आकडा दोनदा विचारला, मग फोन उचलला आणि पलीकडच्या साहेबाशी इतक्या गोड आवाजात भांडले की मामा घंटा द्यायची विसरले. पत्र मागे घेतलं नाही, पण पुन्हा मोजून कळवा, तोवर खोली चालू ठेवा, एवढं तरी पदरात पडलं. औषधबाईनं रीतच बदलून टाकली. आता पुनर्वसनाला आलेल्या प्रत्येकालाही चिठ्ठी मिळायची, औषध असो नसो ती खिडकीत यायची, आणि तारेवर बसायची. आजी पहिल्याच दिवशी चिठ्ठी घेऊन आल्या. “आता तरी गोळी देणार का?” त्यांनी विचारलं. “नाही. नुसती तुम्ही आलात याची खूण,” औषधबाई म्हणाली. “अगं, मग आधीपासून येतच होते की मी!”

दांडा शनिवारी सुतारानं बसवला. कडी बसवायचं काम मात्र तिनं स्वतःसाठी ठेवलं.

रविवारी सकाळी दादा कोपऱ्यापर्यंत चालायला गेला तेव्हा तिनं पेटी उघडली. कात्रीच्या शेजारीच, कागदात, ती जुनी कडी होती. जुन्या भोकांची जागा उंच होती. तिनं खाली, कमरेइतक्या उंचीवर खूण केली आणि नवी भोकं पाडली. लाकूड तिथे भुसभुशीत निघालं, स्क्रू फिरत राहिले. मग तिनं भोकांत काडेपेटीच्या काड्या मोडून ठोसल्या आणि पुन्हा पिळलं, तळव्याला फोड येईपर्यंत. कात्रीचं तेल घेतलं आणि दोन थेंब कडीला दिले. कात्रीला या रविवारी दिलं नाही. स्टूल आत नेऊन ठेवला.

दादा आला, घाम पुसला, टॉवेल मागितला.

“आत ठेवलाय,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

काठीचा आवाज न्हाणीघरापर्यंत गेला आणि थांबला. मग दार लोटल्याचा आवाज. भाजीची जुडी हातात तशीच धरून ती उठली, पावलं न वाजवता दारापाशी गेली.

आत बोट धातूवर घसरलं. परत घसरलं. तिच्या डोळ्यांपुढे ती फळी होती. धरायचं, उचलायचं, ओढायचं. तिची स्वतःची बोटं जुडीभोवती तशी वळत होती. कडी सरकू लागली, मध्येच अडली. नव्या जागेवर ती जरा तिरकी बसली असणार, तिचीच चूक. पट्टी तिच्या कंबरेला खोचलेली होती. ओढ रे. अजून जरा. ‘मी लावते’ हे शब्द तिच्या जिभेवर येऊन बसले आणि तिनं दात मिटून ते तिथेच कोंडले.

खट्.

आत कुणीतरी मोठा श्वास सोडला. बाहेर, तिनंही.

मग पाणी पडायला लागलं, भरपूर, कुणी ऐकत नाही अशा थाटात. दादा शीळ घालू लागला, दुकानात गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारताना घालायचा तीच. ती तशीच उभी राहिली, भाजी उराशी धरून.

शीळ थांबली.

“छोटे.”

“ओ?”

“जा की तिथून. दाराखालून पाय दिसतायत तुझे.”